उतरण्याचा हक्क

खेळांचा इतिहास लिहिताना विजयांची नोंद ठेवण्याची आपली रीत आहे. चषक कोणी जिंकला, गोल कोणी केला, सलग किती वर्षे कोण अजिंक्य राहिले, याच्या याद्या आपण हौसेने पाठ करतो. हरलेल्याचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक हरलेल्याला कोठे जावे लागते आणि तेथून त्याला परत येता येते की नाही, या प्रश्नाच्या उत्तरात त्या खेळाचे समाजाशी असलेले नाते पुष्कळदा उलगडते. युरोपातील फुटबॉलच्या बाबतीत हा प्रश्न २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात एकदम रस्त्यावर आला, आणि त्याला तेथे आणण्याचे श्रेय प्रामुख्याने सामान्य प्रेक्षकांकडे जाते. त्या घटनेची हकीकत आणि तिच्यामागे उभा असलेला १३३ वर्षांचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

घटना थोडक्यात अशी. रविवार, १८ एप्रिल २०२१ या दिवशी रात्री युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ नावाची नवी स्पर्धा स्थापन करीत असल्याचे जाहीर केले. इंग्लंडमधील आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम हॉटस्पर हे सहा. स्पेनमधील रेआल माद्रिद, बार्सिलोना व ॲटलेटिको माद्रिद हे तीन. आणि इटलीतील युव्हेंटस, मिलान व इंटर हे तीन. आणखी तीन क्लब येऊन मिळावयाचे होते. हे पंधरा संस्थापक कायमचे सभासद राहणार. उरलेल्या पाच जागांसाठी बाकीच्या साऱ्या युरोपाने दरवर्षी धडपडावयाचे. रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ हे या मंडळाचे अध्यक्ष झाले. जे. पी. मॉर्गन ही अमेरिकन बँक भांडवल पुरविणार होती आणि संस्थापकांना आरंभीच साडेतीन अब्ज युरो वाटून मिळावयाचे होते.

आमच्यासारख्या सरकारी नोकरीतील माणसाच्या डोळ्यांत या योजनेतला ‘कायम’ हा शब्द चटकन भरतो. एकदा ‘कायम’ झाले की काम बरे होवो वा वाईट, जागा टिकते, हे त्या शब्दाचे सुख. आणि ज्यांच्यासाठी ते काम करावयाचे त्यांच्या दृष्टीने हेच त्याचे दुखणे. या पंधरा क्लबांना नेमके हेच सुख हवे होते. सारे सामने हरून तळाला गेले तरी पुढच्या वर्षी त्यांची खुर्ची जागच्या जागी राहणार होती.

या घोषणेचे आयुष्य, इंग्लंडपुरते बोलावयाचे तर, जेमतेम अठ्ठेचाळीस तासांचे ठरले. करोनाच्या साथीमुळे त्या वेळी तेथील मैदाने प्रेक्षकांना बंद होती. सामने रिकाम्या आसनांपुढे खेळले जात होते. म्हणून लोक मैदानाबाहेर जमले. सोमवारी लीड्स येथे लिव्हरपूलचा सामना होता. बाहेर निदर्शने चालू होती, आणि यजमान संघाचे खेळाडू सरावासाठी उतरले ते फुटबॉल हा प्रेक्षकांचा आहे अशा अर्थाचा मजकूर छापलेले सदरे घालून. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या संघटनेने आपल्याच मैदानावरील, वर्षानुवर्षे जपलेले ध्वज आणि फलक उतरविण्याचे ठरविले. मंगळवारी लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानाबाहेर हजाराहून अधिक लोकांनी रस्ता अडविला. खेळाडूंची बस आत जाईना. अखेर क्लबचा जुना गोलरक्षक आणि त्या वेळचा अधिकारी पेत्र चेक गर्दीत शिरून लोकांची विनवणी करू लागला. सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाला. त्याच संध्याकाळी चेल्सी माघार घेणार असल्याची बातमी आली. मँचेस्टर सिटीने रीतसर माघार जाहीर केली. आणि मध्यरात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब योजनेतून बाहेर पडले होते. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी चित्रफितीद्वारे चाहत्यांची क्षमा मागितली.

येथे एक कोडे उभे राहते. बाहेर टाकल्या गेलेल्या लहान क्लबांचे पाठीराखे रागावले, हे समजण्यासारखे आहे. पण चेल्सीच्या चाहत्याने चेल्सीची बस का अडवावी? त्याच्या संघाला तर अमाप पैसा मिळणार होता. दर पंधरवड्याला बार्सिलोना किंवा मिलानसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी समोर येणार होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या संघाला कधीही खाली उतरावे लागणार नव्हते. कोणत्याही हितचिंतकाने आपल्या माणसासाठी याहून अधिक काय मागावे?

त्या संध्याकाळी चेल्सीच्या मैदानाबाहेर एका फलकावर जे लिहिले होते, त्यात या कोड्याचे उत्तर सापडते. आम्हाला आमच्या स्टोकमधल्या थंडीच्या रात्री हव्यात, अशा आशयाचा तो फलक होता. स्टोक हे मध्य इंग्लंडमधील चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचे गाव. तेथील मैदानावर बोचरा वारा सुटतो आणि पाहुण्या संघाची तारांबळ उडते, अशी इंग्लंडमध्ये ख्याती आहे. २०२१ साली स्टोकचा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. तरीही लंडनचा माणूस माद्रिदच्या सुखद संध्याकाळी सोडून स्टोकच्या थंडीची मागणी करीत होता. ही मागणी थट्टेची होती खरी, तथापि तिच्यामागे फार जुना इतिहास आहे.

१८८८ च्या मार्च महिन्यात बर्मिंगहॅममधील कापडाचे एक दुकानदार आणि ॲस्टन व्हिला क्लबचे चालक विल्यम मॅकग्रेगर यांनी काही क्लबांना पत्र धाडले. इंग्लंडमध्ये खेळाडूंना वेतन देण्यास १८८५ साली मान्यता मिळाली होती. वेतन दर आठवड्याला द्यावयाचे, पण सामन्यांची शाश्वती नाही. चषकाच्या फेऱ्या निघाल्या की ठरलेले सामने रद्द होत आणि प्रेक्षक हिरमुसले होऊन परत जात. म्हणून निवडक क्लबांनी आपसांत घरचे व बाहेरचे सामने ठरवून घ्यावेत, ही मॅकग्रेगर यांची कल्पना. १७ एप्रिल १८८८ रोजी मँचेस्टर येथे ‘फुटबॉल लीग’ या नावाने ती मूर्त रूपास आली. तिच्यात किती क्लब होते? बाराच. लँकेशायरमधील सहा आणि मध्य इंग्लंडमधील सहा. स्टोक हा त्यांपैकी एक.

म्हणजे १८८८ चे बारा आणि २०२१ चे बारा यांच्या हेतूंत म्हणावे तितके अंतर नव्हते. पैशाची निश्चिती दोघांनाही हवी होती. बाकीच्यांना वगळून आपला गट बांधणे दोघांनाही मान्य होते. भेद होता तो एका नियमात. जुन्या लीगमध्ये तळाच्या चार क्लबांना दरवर्षी आपली जागा सोडून पुन्हा मतदानास उभे राहावे लागे. स्टोकचा संघ पहिल्या दोन्ही वर्षी शेवटचा आला आणि १८९० मध्ये त्याच्या जागी संडरलंडला घेण्यात आले. संस्थापक क्लब, पण दोनच वर्षांत बाहेर! एका वर्षाने तो परतला. ॲक्रिंग्टन या दुसऱ्या संस्थापकाची कहाणी अधिक करुण आहे. १८९२ मध्ये दुसरा वर्ग निघाला. पुढच्या वर्षी तळाच्या संघांना दुसऱ्या वर्गातील अव्वल संघांशी कसोटीचा सामना खेळावा लागला. ॲक्रिंग्टन शेफील्ड युनायटेडकडून हरला, खालच्या वर्गात खेळण्याऐवजी त्याने लीगच सोडली, आणि काही वर्षांत तो क्लब नामशेष झाला. १८९८-९९ पासून कसोटीचे सामनेही गेले व तळाच्या संघांनी उतरावे, वरच्यांनी चढावे, हा नियम आपोआप लागू झाला.

आता २०२१ च्या सहा इंग्लिश क्लबांकडे पाहा. त्यांच्यापैकी एकही १८८८ च्या बारांमध्ये नव्हता. आर्सेनल १८९३ मध्ये, चेल्सी १९०५ मध्ये आणि टॉटनहॅम १९०८ मध्ये लीगच्या दुसऱ्या वर्गात दाखल झाले. पुढे मँचेस्टर सिटी हे नाव घेणारा संघही दुसऱ्या वर्गातूनच निघाला. १८९४ च्या कसोटीत लिव्हरपूलने न्यूटन हीथ या संघाला हरविले. लिव्हरपूल वर चढला आणि न्यूटन हीथ खाली उतरला. हा न्यूटन हीथ म्हणजेच १९०२ पासूनचा मँचेस्टर युनायटेड. पहिल्या वर्गात परतण्यास त्याला १९०६ साल उजाडावे लागले. तात्पर्य, हे सहाही क्लब ज्या जिन्याने कधी ना कधी वर चढले, तोच जिना ते मागे काढून घेऊ पाहत होते. चाहत्यांनी बोट ठेवले ते नेमके येथे.

या क्लबांचा उगम पाहिला म्हणजे चाहत्यांची आत्मीयता आणखी स्पष्ट होते. न्यूटन हीथ हा १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी काढला. आर्सेनल १८८६ साली वुलविचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी. टॉटनहॅम १८८२ साली शाळकरी मुलांनी. शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की कामगार मैदानाकडे वळत, आणि सोमवारी कामावर त्या सामन्याची चर्चा आठवडाभर पुरे. वडिलांनी मुलाला खांद्यावर बसवून नेले, त्या मुलाने आपल्या मुलाला नेले. अशा चार-पाच पिढ्या झाल्यावर क्लब कायद्याने कोणाच्याही मालकीचा असो, मनाने तो त्या वस्तीचा होतो. ज्यांनी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांतील तालमींच्या संघांचे सामने पाहिले आहेत, त्यांना ही भावना निराळी समजावून सांगावयास नको. तालमीचा संघ हरला म्हणून कोणी दुसऱ्या पेठेचा होत नाही.

इंग्लंडमधील जुन्या नियमकर्त्यांना या भावनेची जाण होती. फुटबॉल असोसिएशनने भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती आणि संचालकांना वेतन घेण्यास मनाई होती. क्लब हे श्रीमंत होण्याचे साधन होऊ नये, हा त्यामागील उद्देश. १९८३ मध्ये टॉटनहॅमने वेगळी कंपनी काढून शेअरबाजारात प्रवेश केला आणि या बंधनाला वळसा घातला. १९९२ मध्ये पहिल्या वर्गातील बावीस क्लबांनी जुनी लीग सोडून ‘प्रीमियर लीग’ उभारली. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पाच वर्षांचे ३० कोटी ४० लक्ष पौंड त्यांना मिळाले. हेही फुटून निघणेच होते, आणि त्या वेळीही टीका झाली. पण चढ-उताराचा नियम तेथे शाबूत राहिला, म्हणून चाहते त्या बदलात सामावून गेले. त्या जिन्याची ताकद २०१६ मध्ये साऱ्या जगाने पाहिली. २००९ पर्यंत तिसऱ्या श्रेणीत खेळणारा लेस्टर सिटी हा संघ इंग्लंडचा विजेता झाला. आणि २०२३ मध्ये तोच पुन्हा खाली उतरला.

नवी योजना ज्या डोक्यांतून निघाली, त्यांतील काहींना हा जिना मुळात विचित्रच वाटत असावा. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि आर्सेनल यांचे मालक अमेरिकन. त्यांच्या देशातील मोठ्या व्यावसायिक लीगांत चढ-उतार नसतो. संघ हा एक परवाना असतो आणि मालकाच्या सोयीने तो शहर बदलू शकतो. आर्सेनलच्याच मालकाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ २०१६ मध्ये सेंट लुईस सोडून लॉस एंजेलिसला गेला. इंग्लंडमध्ये असे एकदा घडले होते. २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या नव्या नगरीत हलविण्यास परवानगी मिळाली. चाहत्यांनी काय करावे? त्यांनी त्याच उन्हाळ्यात गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची चाचणी घेऊन नवा क्लब उभा केला. तो अगदी खालच्या पायरीपासून खेळू लागला आणि २०११ मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये पोहोचला. जिना होता म्हणूनच ते शक्य झाले. उलट २०१९ मध्ये १८८५ साली स्थापन झालेला बरी हा क्लब कर्जापायी लीगमधून काढून टाकण्यात आला, तेव्हा एखाद्या गावाचे शनिवार कसे ओस पडतात, तेही लोकांनी पाहिले. २०२१ चा संताप या साऱ्या आठवणींनी पेटलेला होता.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. पेरेझ यांनी सोमवारी रात्री स्पेनच्या दूरचित्रवाणीवर सांगितले की, साथीने क्लब बुडत आहेत, तरुण पिढीचे फुटबॉलवरील लक्ष उडत आहे, आणि ही योजना खेळ वाचविण्यासाठीच आहे. मोठ्या क्लबांचे चाहते आज आफ्रिकेत व आशियात, आपल्या भारतातही, कोट्यवधी आहेत. त्यांना मोठे सामने हवे असतात, हेही खोटे नव्हे. शिवाय जुनी व्यवस्था काही समतेचा आदर्श नव्हती. युरोपच्या चषकाची उत्तरार्धातील नावे वर्षानुवर्षे तीच ती असतात. ज्या सोमवारी लोक रस्त्यावर होते, त्याच सोमवारी युरोपीय महासंघाने आपल्या स्पर्धेतील संघ व सामने वाढविण्याचा निर्णय संमत केला. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सभासदांची मालकी असली म्हणजे सारे सुरळीत चालते, असेही म्हणता येत नाही. जर्मनीत १९९८ च्या नियमाप्रमाणे क्लबमधील बहुसंख्य मते सभासदांच्या हाती असतात आणि तेथील बायर्न म्युनिक व डॉर्टमुंड यांनी या योजनेस नकार दिला, हे खरे. पण रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हेही सभासदांचेच क्लब आहेत, आणि योजना सर्वांत अधिक काळ उचलून धरली ती त्यांनीच.

असे असूनही चाहत्यांच्या बाजूला एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. त्यांनी समता मागितली नव्हती. श्रीमंत क्लब श्रीमंतच राहणार, हे त्यांना ठाऊक होते. निकालाला परिणाम असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्याच आठवड्यात मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनीही अशाच आशयाचे मत मांडले होते की, हरण्याने काही बिघडत नसेल तर त्याला खेळ म्हणता येत नाही. आपला संघ खाली उतरू शकतो, या भीतीवाचून त्याच्या जिंकण्याला चव नाही, हे चेल्सीच्या चाहत्याने ओळखले होते. स्टोकच्या थंडीत हरण्याचा संभव तो सोडावयास तयार नव्हता. स्वतःच्या माणसासाठी पतनाची शक्यता राखून ठेवणे, हे प्रेमाचे विलक्षण रूप आहे खरे. पण त्यात न्यायबुद्धीही आहे, कारण आपण उतरू शकतो म्हणूनच दुसरा चढू शकतो.

या अठ्ठेचाळीस तासांचे फलित पुढील काळात दिसले. २ मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे चाहते आपल्याच मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तेथे मर्यादाभंग झाला, हे नमूद केले पाहिजे. जूनमध्ये सहा क्लबांनी मिळून २ कोटी २० लक्ष पौंड देण्याचे मान्य केले, आणि पुन्हा असा प्रयत्न केल्यास प्रत्येकी ३० गुण कापले जातील असे ठरले. इंग्लंडच्या सरकारने चाहत्यांच्या पुढाकाराने चौकशी करविली. तिच्यातून निघालेला फुटबॉल प्रशासन कायदा जुलै २०२५ मध्ये मंजूर झाला आणि स्वतंत्र नियामक नेमला गेला. बंदिस्त स्पर्धेत क्लबांना जाऊ न देण्याचा अधिकार त्याला आहे. क्लबचे बोधचिन्ह, रंग व मैदान यांविषयीच्या निर्णयांत चाहत्यांच्या मतास कायद्याचा आधार मिळाला आहे. दुसरीकडे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये असा निर्णय दिला की, नव्या स्पर्धांना पूर्वपरवानगीची अट घालणारे महासंघांचे तत्कालीन नियम कायद्यास धरून नव्हते. म्हणजे दार कायद्याने पूर्ण बंद झालेले नाही. त्याच्यापुढे माणसे उभी आहेत, एवढेच.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. ज्या वर्षी मँचेस्टरला फुटबॉल लीग जन्मली, त्याच १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे २०१४ मध्ये ‘इंडियन सुपर लीग’ निघाली ती विकत घेतलेल्या संघांची, चढ-उतार नसलेली स्पर्धा म्हणून. पुढे तिलाच प्रथम श्रेणी मानण्याचा बेत पुढे आला, तेव्हा २०१६ मध्ये गोव्यातील डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. डेंपोने पाच वेळा आणि साळगावकरने दोन वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. मैदानावर हरून त्यांची जागा गेलेली नव्हती. कोलकात्यात मोहन बागानच्या नावाआधी दुसऱ्या संघाचे नाव जोडले गेले, तेव्हा चाहत्यांनी दीर्घकाळ विरोध केला आणि २०२३ मध्ये ते जोडनाव निघाले. त्याच वर्षी पंजाबचा संघ राष्ट्रीय लीग जिंकून प्रथमच वरच्या स्पर्धेत चढला. जिन्याची पहिली पायरी आपल्याकडेही बसविली गेली.

ॲक्रिंग्टन हे गाव लहान आहे. तेथील संस्थापक क्लब गेला, पण गावाने हाय खाल्ली नाही. त्याच गावाचे नाव लावणारा स्टॅनली हा दुसरा क्लब १९२१ मध्ये लीगमध्ये आला, १९६२ मध्ये पैशाअभावी बाहेर पडला, १९६८ मध्ये नव्याने उभा राहिला आणि पायरी पायरी चढत २००६ मध्ये परत आला. तेथील कोणा वृद्धाने हे सारे जन्मभर पाहिले असेल. कायमची खुर्ची त्याच्या गावाला कोणी दिली नाही. परतीची वाट मात्र कोणी बुजविली नव्हती, आणि इंग्लंडमधील लोक २०२१ च्या एप्रिलमध्ये मैदानांच्या बंद दारांपुढे उभे राहिले ते ती वाट मोकळी राहावी म्हणून.